पाच तास धावण्याआधीचे पाच तास

वाचक विचारतात, जाणकार सांगतात

न्यूयॉर्क मॅरेथॉन दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होते. २०२६ मध्ये हा रविवार १ तारखेला येतो, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या बरोबर एक आठवडा आधी. या शर्यतीबद्दल आलेल्या पत्रांपैकी सरावाविषयीची पत्रं आम्ही बाजूला ठेवली आहेत. ४२ किलोमीटर कसं पळायचं हे पत्रलेखकांना ठाऊक आहे. अडतं ते बाकीच्या गोष्टींत.

शर्यतीच्या प्रवेशाच्या सोडतीत नंबर लागला की मग व्हिसा काढावा, असा विचार आहे. घाई तर होणार नाही ना?
— रा. दे., नाशिक

क्रम उलटा करा. सोडतीचा निकाल साधारण मार्चच्या सुमारास लागतो आणि शर्यत नोव्हेंबरात. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीची तारीख कधी दोन महिन्यांत मिळते, तर कधी त्याला वर्षाच्या आसपासही लागतं. त्या आठ महिन्यांच्या भरवशावर राहू नका. हौशी धावपटूला पर्यटकाचा बी-२ व्हिसा पुरतो. त्याचं शुल्क १८५ डॉलर असून भारतीय अर्जदाराला तो सहसा दहा वर्षांसाठी मिळतो. त्यामुळे या वर्षी सोडत हुकली तरी व्हिसा वाया जात नाही. मुलाखतीत ‘कशासाठी जाताय’ असं विचारलं, तर मॅरेथॉनसाठी असं सरळ सांगा. प्रवेशाचं पत्र जवळ असलं तर चांगलंच, पण त्यावर व्हिसा मिळतो हा गैरसमज आहे.

सोडतीबद्दलही डोळे उघडे ठेवलेले बरे. २०२५ च्या शर्यतीसाठी दोन लाखांहून जास्त अर्ज आले होते आणि शंभरातल्या जेमतेम दोन-तीन जणांना जागा मिळाली. नक्की जायचंच असेल तर दोन वाटा आहेत. एक, आयोजकांच्या अधिकृत प्रवास कंपन्या. त्या प्रवेश आणि हॉटेल एकत्र विकतात, त्यामुळे महाग पडतात. दुसरी, धर्मादाय संस्थांची. तिथे साधारण तीन हजार डॉलर किंवा त्याहून जास्त देणगी गोळा करून द्यावी लागते. ती कमी पडली तर उरलेली रक्कम बहुतेक संस्था तुमच्याच कार्डावरून वसूल करतात. सही करण्याआधी ते कलम वाचा.

एक बारीक गोष्ट. सोडतीचा अर्ज भरताना कार्डाचा नंबर घेतात आणि नंबर लागला की पैसे आपोआप कापले जातात. आपल्याकडे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करा, मर्यादा वाढवा आणि निकालाच्या आठवड्यात कार्ड बदलू नका.

बहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिच्याकडेच उतरणार आहे. शनिवारी संध्याकाळी विमानतळावर पोहोचलो तर चालेल?
— सु. का., सांगली

शनिवारी संध्याकाळी पोहोचलात तर धावताच येणार नाही. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, मॅनहॅटनच्या पश्चिम टोकाला असलेल्या जेव्हिट्स सेंटरमध्ये स्वतः जाऊन, पासपोर्ट दाखवून घ्यावा लागतो. गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार असे तीनच दिवस ते मिळतं आणि शनिवारी खिडकी संध्याकाळी लवकर बंद होते. शर्यतीच्या दिवशी बिब देत नाहीत. तुमच्या वतीने बहिणीला किंवा मेहुण्यांनाही ते घेता येत नाही. विमान एक दिवस उशिरा आलं तरी वेळ हाताशी राहावा म्हणून बुधवारी पोहोचा. सात नंबरची मेट्रो थेट जेव्हिट्सच्या दारात सोडते, ३४ स्ट्रीट-हडसन यार्ड्स या स्टेशनवर. गुरुवारी दुपारी गर्दी त्यातल्या त्यात कमी असते.

बुधवारी पोहोचण्याचं दुसरं कारण झोप. भारतातून गेल्यावर पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी सातला डोळे मिटतात आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. एरवी हा ताप वाटतो, पण इथे तो सोयीचा आहे. रविवारी पहाटे चारला उठायचंच असतं. म्हणून शरीराला पूर्णपणे तिथल्या वेळेवर आणायचा खटाटोप करू नका. रात्री साडेआठपर्यंत कसंबसं जागं राहा, एवढं पुरे.

बहिणीकडे शुक्रवारपर्यंत खुशाल राहा, शनिवारची रात्र मात्र एडिसनला काढू नका. रविवारी पहाटे तिथून गाड्या कमी असतात आणि मॅनहॅटनला यायलाच तासभर जातो. त्यानंतर शर्यत जिथून सुटते त्या स्टॅटन आयलंड बेटावर फेरीबोटीने किंवा बसने जायचा प्रवास आहेच. बहिणीला गैरसोय नको म्हणून जर्सी सिटी बघा. नेवार्क ॲव्हेन्यूवरच्या इंडिया स्क्वेअरला शनिवारी दुपारी साधा वरणभात मिळतो आणि पाथ गाडीने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरलं की फेरीचा धक्का चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. फेरी ऐवजी बस निवडली असेल तर मात्र मॅनहॅटनच्या मध्यात राहा. त्या बसेस ४२ व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयापाशी सुटतात. फेरी की बस हे आधीच निवडायचं असतं, त्यामुळे हॉटेल त्यानंतर ठरवा.

आणि शुक्रवारी टाइम्स स्क्वेअर, शनिवारी स्वातंत्र्यदेवता असा बेत असेल तर तो सोमवारनंतर ढकला. फिरताना दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात. ती रविवारी पायांत उतरतात.

माझी सुटण्याची वेळ १०:५५ ची आहे. पण स्टॅटन आयलंडला जायची फेरी सकाळी ७ ची दिली आहे! एवढ्या लवकर जाऊन करायचं काय? थंडीचं काय?
— मे. जो., ठाणे

वाट बघायची. न्यूयॉर्कची शर्यत अनेकांच्या हातून या वाट बघण्यात निसटते, मार्गावरच्या पुलांवर नव्हे.

आधी वेळेचा हिशोब बघू. मॅनहॅटनच्या व्हाइटहॉल धक्क्यावरून फेरी पंचवीस मिनिटांत पलीकडे नेते, तीही फुकट. उतरल्यावर बसची रांग, मग बस, मग सुरक्षा तपासणी, मग फोर्ट वॉड्सवर्थचं मैदान. रांगा लांब असल्या तर दीड-दोन तास जातात. तुम्ही ज्या कप्प्यातून, म्हणजे धावपटूंना उभं करायच्या कुंपणातून, सुटणार तो सुटण्याच्या साधारण वीस मिनिटं आधी बंद होतो. सातची फेरी घेऊन तुम्ही नऊच्या आसपास मैदानात असाल. म्हणजे उघड्यावर दीड तास. सगळ्यात शेवटच्या, ११:३० च्या गटातल्यांनी पहाटेची फेरी धरली तर हाच वेळ तीन-चार तासांचा होतो.

त्या मैदानावर सकाळी पारा ५ ते १० अंशांच्या मध्ये असतो आणि खाडीवरचा वारा त्याहून जास्त बोचतो. बसायला गवत आहे, पण ते दवाने भिजलेलं. पहिली चूक इथे होते. बूट आणि मोजे ओले होतात आणि ओल्या मोज्यांनी दहाव्या मैलाला फोड येतात. त्यावर स्वस्त उपाय हॉटेलच्या न्हाणीघरात असतो, डोक्याला बांधायची प्लॅस्टिकची टोपी. बुटांवर एकेक चढवा आणि कप्प्यात शिरताना काढून टाका. बसायला दोन-तीन वर्तमानपत्रं किंवा खोक्याचा पुठ्ठा न्या.

अंगावर घरातले सगळ्यात जुने कपडे असू द्यात. ढगळ पॅंट, जाड स्वेटशर्ट, कानटोपी, हातमोजे, सगळं टाकून द्यायचं म्हणून. सुरुवातीच्या रेषेपाशी पेट्या ठेवलेल्या असतात आणि त्यात टाकलेले कपडे धर्मादाय कामाला जातात. आजीची शाल नेऊ नका, हात धजावणार नाही. पॅंट बुटांवरून काढता येईल अशी मोकळ्या पायांची हवी. ऐनवेळी एका पायावर उड्या मारत पॅंट ओढणारे लोक तिथे शेकड्याने दिसतात. वर कचऱ्याची मोठी पिशवी डोक्यातून घातली की वारा अडतो. स्वेटर शेवटच्या दहा मिनिटांत काढा, पिशवी शर्यत सुटते त्या पुलाच्या तोंडाशी. हातमोजे पुलानंतरही राहू द्यात.

खाण्याचं गणितही या थांबण्याने बदलतं. पहाटे पाचला खाऊन १०:५५ ला पळालात तर पोट रिकामं असतं. म्हणून दोन वेळा खा. खोलीतून निघताना थोडं खा, मग साडेआठच्या सुमारास मुख्य खाणं. शरीराच्या वजनाच्या दर किलोला एक ते दीड ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ९०. एक बेगल (कड्यासारखा गोल पाव) साधारण ५० ग्रॅमचा, एक केळं २५ चं. मैदानात बेगल, कॉफी, चहा, पाणी मिळतं, पण बेगल चिवट असतो. आधी एखाद्या लांब पळण्यापूर्वी ब्रेड खाऊन बघितलेला नसेल तर स्वतःचं खाणं न्या. ते आणि बाकी सगळं सामान बिबसोबत मिळणाऱ्या पारदर्शक पिशवीतच घालायचं. पाठीवरची सॅक आत सोडत नाहीत.

आणखी एक. अमेरिकेत त्याच रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळं एक तास मागे जातात. मॅरेथॉन आणि हा बदल, दोन्ही नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीच. झोपेला तासभर जास्त मिळतो. मोबाइल स्वतःहून वेळ बदलतो, पण हॉटेलमधलं टेबलावरचं घड्याळ बदलेलच असं नाही. दोन गजर लावा, दोन्ही मोबाइलवर.

मुंबई मॅरेथॉन मी ४ तास १५ मिनिटांत केली आहे. न्यूयॉर्क थंड असल्यामुळे ४ तास तरी व्हावेत. पेडर रोडसारखे चढ किती आहेत?
— अ. पा., पुणे

पेडर रोड एक आहे, तिथे पाच पूल आहेत. वर फिफ्थ ॲव्हेन्यूचा सलग चढ आहे आणि सेंट्रल पार्कही सपाट नाही. एकूण चढ २४०-२५० मीटरच्या घरात जातो. थंडी तुम्हाला जे देईल त्यातलं बरंचसं हे चढ परत घेतील. त्यातून थंडीची हमीही नाही. २०२२ साली दुपारी पारा २० अंशांच्या बराच वर गेला होता आणि जोरात सुटलेले बरेच जण शेवटी चालत आले. पहिल्या वेळेला ४:१० धरा.

सुरुवातच व्हेराझानो-नॅरोज पुलावर होते. पहिला मैल पूर्ण चढाचा आहे आणि संपूर्ण मार्गातली सर्वांत उंच जागा याच पुलाच्या मध्यावर आहे. दुसरा मैल तेवढाच उताराचा. पाय ताजे, तोफेचा आवाज, समोर मॅनहॅटन, त्यामुळे चढ चढ वाटतच नाही. ४:१० साठी मैलाची सरासरी ९ मिनिटं ३२ सेकंद येते. पहिला मैल साडेदहापर्यंत जाऊ द्या. दुसरा आपोआप नऊच्या आसपास येईल, तो त्याहून जोरात मारू नका. उतारावर मांड्यांना बसलेले धक्के वीस मैलांनंतर उमटतात.

बिबवर रंग असतो. गुलाबी रंगवाले पुलाच्या खालच्या मजल्यावरून जातात, बाकीचे वरून. खालच्यांना वारा कमी लागतो, पण देखावा दिसत नाही आणि घड्याळाचा जीपीएस आंधळा होतो. (वरच्या मजल्यावरून कोणी कठड्याशी उभं राहून लघवी केली तर ती कुठे पडते, यावरचे विनोद तुम्हाला फेरीतच ऐकू येतील. कडेने पळू नका.) वेगवेगळे रंग आठव्या मैलाला ब्रुकलिनमध्ये पूर्णपणे एकत्र येतात. तोवर फोर्थ ॲव्हेन्यूचा लांबलचक, बऱ्यापैकी सपाट पट्टा मिळतो. ठरलेल्या वेगात स्थिरावायला जागा हीच.

पंधराव्या मैलानंतर क्वीन्सबरो पूल. इथे सगळेच खालच्या मजल्यावरून. प्रेक्षकांना पुलावर प्रवेश नाही, त्यामुळे अर्धा तास कानात असलेला गोंगाट एकदम बंद होतो आणि हजारो बुटांचा चपचप आवाज तेवढा उरतो. चढ तीव्र नाही पण लांब आहे. घड्याळ इथे पुन्हा चुकतं. वेग बघू नका, श्वास बघा. दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत.

पूल उतरून वळलात की फर्स्ट ॲव्हेन्यू. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती आणि रस्ता किंचित उताराचा. नकळत मैलाला वीस-तीस सेकंद वेग वाढतो. इथे जो स्वतःला आवरतो त्याची शर्यत वाचते. कारण विसाव्या मैलाला विलिस ॲव्हेन्यू पुलावरून ब्रॉन्क्समध्ये शिरताना साठवलेली साखर संपत आलेली असते. पुढच्याच मैलात मॅडिसन ॲव्हेन्यू पुलावरून परत मॅनहॅटन आणि मग तेविसाव्या मैलाजवळ फिफ्थ ॲव्हेन्यू. नकाशावर हा चढ दिसतही नाही. पण तो जवळजवळ मैलभर सोडत नाही आणि यातच जास्तीत जास्त लोक चालू लागतात.

सरावासाठी साताऱ्याचा यवतेश्वर घाट उत्तम, पण फक्त चढण्याचा सराव करून गाडीने उतरू नका. न्यूयॉर्कमध्ये उतारच पाय मोडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तीन-चार लांब पळणी अशी आखा की शेवटचे आठ किलोमीटर चढउताराचे येतील.

मार्गावर पाट्या मैलांच्या असतात. घड्याळ आधीच मैलांवर लावा आणि आपोआप पडणारा लॅप (टप्प्याची नोंद) बंद करून प्रत्येक पाटीला बटण दाबा. उंच इमारतींमुळे घड्याळ शेवटी २६.५ मैल किंवा त्याहून जास्त दाखवेल. रस्त्यावरची निळी रेघ धरली तर जादा अंतर कमी होतं.

गूळपोळ्या आणि बेसनाचे लाडू नेता येतील का? धावताना चोखायचे साखरेचे जेल मला पचत नाहीत.
— वि. कु., कोल्हापूर

गूळपोळ्या चांगल्या. कोरड्या असतात, टिकतात आणि पचायला ओळखीच्या असतात. पण शर्यतीच्या सकाळी तीळ-तूप बेताचं असलेल्या करून न्या, तूप पोटात रेंगाळतं. बेसनाचा लाडू धावताना नको, घशात अडकतो. तो शर्यतीनंतर.

विमानतळावर अधिकाऱ्याला ‘खाण्याचे पदार्थ आहेत’ हे आपणहून सांगा. सांगितलेली वस्तू नाकारली तर ती टाकून द्यावी लागते, एवढंच. न सांगता सापडली तर दंड होतो. पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ, ताजी फळं आणि मांसाचा कुठलाही पदार्थ घरीच ठेवा. पिशवीभर तांदूळही नको. खापरा भुंगेरा या धान्यातल्या किडीच्या भीतीने भारतातून प्रवाशांनी आणलेला तांदूळ तिथे अडवतात.

जेल पचत नसतील तर गूळ-शेंगदाण्याची चिक्कीही पळताना नको, चावायला वेळ जातो आणि थंडीत ती दगड होते. बिया काढलेले खजूर बघा. मोठ्या खजुरात सोळा-सतरा ग्रॅम कर्बोदकं असतात. तासाला दोन-तीन खाल्ले तर ३० ते ५० ग्रॅम होतात. सवय लांब पळण्यात करा, तिथे जाऊन नव्हे. मार्गावर तिसऱ्या मैलापासून जवळजवळ प्रत्येक मैलाला पाणी आणि गोड क्षारपेय असतं. जेल बाराव्या आणि अठराव्या मैलाच्या आसपास वाटतात. त्या दोन ठिकाणी रस्त्यावर फाटक्या पाकिटांचा चिकट थर असतो, तिथे मधून पळा.

पाण्याचं एक सांगायला हवं. ऑक्टोबरच्या उकाड्यात तासाला पाऊण लिटर पिण्याची सवय लागलेली असते. थंडीत घाम निम्मा येतो. त्याच सवयीने प्रत्येक टेबलावर पेला रिचवला तर रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, डोकं जड, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं ही त्याची लक्षणं. तहान लागेल तेवढंच प्या. वेदनाशामक गोळी शर्यतीच्या दिवशी घेऊ नका, तीही मूत्रपिंडावर ताण आणते.

पाठीवरची पाण्याची पिशवी चालेल का?
— नाव छापू नये, औरंगाबाद रस्ता, नगर

नाही. कमरेचा छोटा पट्टा चालतो.

वय ६१. साडेसहा तास लागतील. रस्ता उघडून मला बाजूला काढतील का?
— शा. गो., डोंबिवली

शर्यत थांबवत नाहीत, पण शेवटच्या गटामागून रस्ते टप्प्याटप्प्याने वाहतुकीला उघडतात आणि मागे पडलेल्यांना पदपथावरून जावं लागतं. साडेसहा तासांचा वेग त्या सीमेवर येतो, म्हणून सुरुवातीला फोटोंसाठी थांबू नका. तुम्ही ११:३० ला सुटलात तर सहाच्या सुमाराला पोहोचाल. त्या दिवशी सूर्य पाचच्या आधीच मावळतो. घड्याळ मागे गेल्याचा हा तोटा. अंधार पडला की गारठा झपाट्याने वाढतो आणि तोवर तुम्ही चालत असाल, म्हणजे अंगात ऊब नसेल. पातळ लांब बाह्यांचा शर्ट कमरेला बांधून न्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर औषधांची नावं बिबच्या मागच्या रकान्यात लिहा. तो रकाना त्यासाठीच असतो. प्रवासविमा घेताना हौशी क्रीडास्पर्धा त्यात धरल्या आहेत का हे लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसींत त्या वगळलेल्या असतात.

नवरा पळणार, मी आणि मुलगी बघणार. कुठे उभं राहावं? आणि शेवटी भेटायचं कुठे?
— प्रा. भि., बेलापूर

दोन ठिकाणं पुरेत. आधी फर्स्ट ॲव्हेन्यूवर ९६ व्या रस्त्याजवळ, म्हणजे अठराव्या मैलाच्या आसपास. तो गेला की पश्चिमेकडे चालत फिफ्थ ॲव्हेन्यू गाठा, तेविसाव्या मैलाजवळ. अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे आणि तेवढ्यात त्याला पाच मैलांची ब्रॉन्क्सवारी करून यायचं असतं. म्हणजे तुमच्याकडे पन्नास मिनिटं आहेत, वाटेत कॉफीसुद्धा होईल. रस्त्याची डावी बाजू की उजवी हे आदल्या रात्री ठरवा. ‘मी ओरडेन’ यावर विसंबू नका, तिथे सगळेच ओरडत असतात. हातात नारिंगी फुगा किंवा ओढणी धरा.

शेवटच्या रेषेपाशी तिकिटाशिवाय जाता येत नाही, तो प्रयत्न सोडा. शर्यत संपल्यावर धावपटूंना पार्कमधून बरंच चालवून पश्चिमेच्या बाजूला बाहेर सोडतात. नोंदणीच्या वेळी सामान ठेवण्याऐवजी पोंचो (डोक्यातून घालायचा झगा) निवडला असेल तर ही पायपीट कमी होते आणि तो आतून उबदार असतो. तुम्हीही पश्चिमेलाच थांबा, पूर्वेकडून पार्क ओलांडता येत नाही. ब्रॉडवेवर ७२ व्या रस्त्याचं मेट्रो स्टेशन आहे, तिथे भेटायचं ठरवा. रेषा ओलांडल्यापासून तिथे यायला त्याला पाऊण तास ते तास लागेल. गर्दीत मोबाइलला रेंज मिळत नाही, तेव्हा ‘फोन करतो’ हा बेत नको. कोरडे मोजे, सपाता आणि काहीतरी खारट तुमच्याकडे असू द्या.

घरचे लोक ॲपवर मार्ग बघणार असतील तर त्यांना वेळ नीट सांगा. घड्याळ मागे गेल्यावर भारताशी फरक साडेनऊ नव्हे, साडेदहा तासांचा होतो. तो १०:५५ ला सुटला तर इथे रात्रीचे ९:२५ झालेले असतील आणि पाच तास लागले तर सासूबाईंना निकाल कळायला सोमवारी पहाटेचे २:२५ होतील.